काशीत सोडलेलं अंजीर

विश्वजित झेंडेचं वजन एकशे अठरा किलो होतं. ज्या काट्यावर ते भरलं तो काटा त्यानेच तपासून शिक्का मारलेला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पुरंदर तालुक्यातल्या दुकानदारांचे काटे खरे की खोटे, हे ठरवणारा सरकारी निरीक्षक तो. लोकांच्या काट्यातला दोन ग्रॅमचा फरक त्याला लांबून दिसायचा. स्वतःच्या अंगावर वाढलेल्या पस्तीस किलोंबद्दल मात्र त्याचं म्हणणं असं, की ते एकदम आले नाहीत, थोडे थोडे आले, म्हणून हरकत घेता आली नाही.

डॉक्टर तस्नीम बागवान यांच्यापुढे हे चाललं नाही.

"झेंडेसाहेब, लिव्हरवर चरबी आहे हे तुम्हाला तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आता तिथे वण पडायला लागलेत. असंच चालू राहिलं तर दोन वर्षं. फार तर अडीच."

"कशाला दोन वर्षं?"

"असे प्रश्न विचारायला," डॉक्टर म्हणाल्या आणि एक गोळी पुढे सरकवली.

गोळी दिसायला तुरीच्या डाळीएवढी. तिचं नाव आतडमापी. ती गिळायची, ती आतड्यात तीन आठवडे मुक्काम करणार, तिथल्या जिवाणूंची घरोघर खानेसुमारी करणार आणि काम झालं की कुणालाही न सांगता निघून जाणार. सरकारी खात्यातल्या माणसाला ही कार्यपद्धती ओळखीची वाटली.

ही गोळी आल्यापासून एक जुनं भांडण मिटलं होतं. पूर्वी निम्मे लोक म्हणत, फळ म्हणजे अमृत. उरलेले म्हणत, फळ म्हणजे शेवटी साखरच. दोघांचं बरोबर होतं, पण वेगवेगळ्या पोटांबद्दल. अख्ख्या ताज्या फळात साखर चोथ्याच्या बारीक बारीक खोल्यांत कोंडलेली असते. चावून खाल्लं तर ती दमादमाने बाहेर पडते. रस काढला की खोल्यांच्या भिंती फुटतात आणि ती झुंडीने येते. फळ वाळवलं की तीच साखर एवढ्याशा घासात दाटते. मागे उरलेला चोथा मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथे अब्जावधी जिवाणूंची पंगत बसते. त्यांनी जेवून टाकलेली आम्लं रक्तातून वर जातात. लिव्हरला सांगतात, चरबी जाळ. मेंदूला सांगतात, पुरे झालं. पण कुणाच्या पोटात कुठले जिवाणू बसलेत, हे लहानपणी तो काय आणि कुणाच्या ताटात जेवला यावर ठरतं. त्यामुळे एकाचा आंबा दुसऱ्याला जड जातो.

हे सगळं ज्या कागदावर छापून येई त्याला लोक फलपत्रिका म्हणू लागले. मग जे व्हायचं ते झालं. लग्नाच्या जाहिरातींत 'वय चौतीस, स्थूल, निर्व्यसनी, केळी-अनुकूल' असं येऊ लागलं. सासवडच्या एका ज्योतिषाने दोन्ही पत्रिका एकत्र बघायची सोय केली. पपई-अनुकूल निघालेल्या माणसांशी लोक जरा सांभाळून बोलत, कारण ती आधीच नाराज असत.

तीन आठवड्यांनी विश्वजितची पत्रिका आली. डॉक्टर बागवान यांनी ती दोनदा वाचली.

"आंबा नाही, केळं नाही, पेरू ठीकठाक. पण एक फळ असं जुळलंय की मी अजून बघितलं नव्हतं. ताजं अंजीर. रोज पाच, चावून चावून, बिस्किटांच्या ऐवजी. बिस्किटांच्या सोबत नव्हे, हे मी लिहून देते. अहो, तुमची तर घरची बाग आहे!"

"मला अंजीर चालत नाही."

"अ‍ॅलर्जी?"

"काशी," विश्वजित म्हणाला.

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं. "आडनाव बागवान असलं तरी एवढं मला कळतं. काशीला जाऊन एखादी आवडती गोष्ट सोडायची असते. पण लोक तिथे कारलं सोडतात, झेंडेसाहेब. माझे अर्धे पेशंट कारलं सोडून आलेत. तुम्हाला कारलं सुचलं नाही?"

सुचलं होतं. त्याच्या पुढच्या माणसाने कारलंच सोडलं होतं आणि त्याच्या पुढच्याने शेपू. विश्वजितने अंजीर सोडलं, कारण त्याला दुसरं काही सोडायचंच नव्हतं.

त्याचा थोरला भाऊ संग्राम. आईवडील लवकर गेल्यावर याच दादाने त्याला वाढवलं. दोघं एका ताटात जेवले, आणि वजनाचीही वाटणी पुढे समान झाली. बाग दादा बघायचा, नोकरी विशाने केली. नऊ वर्षांपूर्वीच्या चैत्रात एका सकाळी विश्वजित बाजारात काटे तपासायला निघाला होता. खांद्याला प्रमाण वजनांची पिशवी आणि हातात पाच किलोचं लोखंडी वजन, कारण ते पिशवीत मावत नसे. बागेत दादा झाडांना पाणी देत होता.

"धर," दादाने एक उकललेलं अंजीर पुढे केलं. "फुटलंय, विकायला चालायचं नाही. हे पण फुटलंय. हे फुटलं नाही, पण फुटेल."

अंजीर उकलून खायला दोन हात लागतात. विश्वजितने पाच किलोचं वजन पाटाच्या कडेला चिखलात ठेवलं आणि अकरा अंजिरं खाल्ली.

तासाभराने बाजारात तो पहिल्यांदा दादाच्याच गाळ्यावर गेला. भावाला वगळलं असतं तर लोक बोलले असते. वजन ठेवलं. काट्यावर आकडा आला, पाच किलो चाळीस ग्रॅम.

"दादा, काटा चाळीस ग्रॅम पुढे आहे."

"परत ठेव."

परत ठेवलं. पाच किलो चाळीस.

"विशा, काटा काल आणलाय. नवा कोरा."

"कायद्याला काल-आज नसतं," विश्वजित म्हणाला. वाक्य गर्दीला आवडलं. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. काटा जप्त झाला. दादाने उरलेली अंजिरं शेजारच्या गाळ्यावर ठेवली आणि दुपारी एक पिशवी घेऊन गाव सोडलं. त्याचा फोन त्या दिवशी बंद झाला तो बंदच.

विश्वजितला पुढचा गाळा तपासायचं धैर्य झालं नाही. तो रजा काढून भावाला शोधत फिरला. तीन आठवड्यांनी त्याची वजनं वार्षिक तपासणीला गेली आणि प्रयोगशाळेचा शेरा आला. पाच किलोच्या वजनाच्या बुडाशी शिसं भरायची एक खोबण असते, तिच्यात चाळीस ग्रॅम काळी माती घट्ट बसलेली आढळली. मातीत अंजिराच्या पानाचा तुकडा.

वजन ठेवण्याआधी बूड पुसायचं, हा नोकरीतला पहिल्या दिवशीचा पहिला धडा. विश्वजितने स्वतःविरुद्ध अहवाल लिहिला, खात्याने त्याला ताकीद दिली, दादाचा काटा सन्मानाने परत आला. दादा आला नाही.

त्या दिवाळीनंतर तो रोहिणीबरोबर, म्हणजे बायकोबरोबर, यात्रा कंपनीच्या बसने काशीला गेला. गुरुजींनी विचारलं, "काय सोडता?"

"अंजीर. भाऊ घरी परत येईपर्यंत."

"इथे मुदतीचं सोडत नाहीत. सोडलं की सोडलं."

"मग मी सोडत नाही."

मागे एकोणतीस जणांची रांग होती आणि सगळ्यांची कारली खोळंबली होती. गुरुजींनी मुदत मान्य केली.

*

रोहिणीने सगळे उपाय करून पाहिले. बाग आता तीच बघायची. मीठा बहार, म्हणजे अंजिराचं उन्हाळी पीक, लागला की पहाटे तोडलेल्या टोपल्या ओसरीवर यायच्या, आणि त्या वासाच्या मधोमध बसून विश्वजित बिनसाखरेचा चहा घ्यायचा. अंजिराचा वास तसा मंद असतो. पण ज्याने नऊ वर्षं खाल्लेलं नाही त्याला तो तीन खोल्या पलीकडून येतो. कधी कधी एखादी टोपली उचलताना त्याचा हात पानांवर उगाच जास्त वेळ राहायचा. चिकाने बोटं खाजायची. ती खाज तो दुपारपर्यंत जपून ठेवायचा.

तिने एकदा पोह्यांत बारीक चिरून घातलं. त्याने पहिला घास तोंडाजवळ नेला आणि बशी खाली ठेवली.

"कळलं कसं?"

"मला पोहे खाताना रडू यायचं काही कारण नाही, रोहिणी."

मग तिने काशीला व्हिडिओ कॉल लावला. गुरुजी आता बरेच म्हातारे झाले होते. "फळ बदलून मिळेल का, गुरुजी? हे आंबा सोडतील. आंबा, केळं आणि फणस, तिन्ही."

"बाई, मी तुमच्या शब्दाचा साक्षीदार आहे, मालक नाही," गुरुजी म्हणाले. "मोडायला त्यांना माझी परवानगी लागत नाही. विचारा त्यांना, का मोडत नाहीत."

तिने फोन ठेवून विचारलं.

"खाल्लं, तर तो येणार नाही असं मीच ठरवल्यासारखं होईल," विश्वजित म्हणाला. "आत्ता निदान ते कुणी ठरवलेलं नाही."

"आणि दोन वर्षांनी? तुमच्या पिंडाला कावळा शिवायचा नाही. मी शेजारी अंजीर ठेवीन, आणि दुसऱ्या मिनिटाला कावळ्यांची रांग लागेल. तेव्हा कुणाला सांगू, मुदतीचं सोडलं होतं म्हणून?" एवढं बोलून ती आत गेली आणि बराच वेळ भांडी घासण्याचा आवाज आला. भांडी सकाळीच घासून झाली होती.

*

फलपत्रिकेबरोबर फोनवर एक अ‍ॅप येई. त्यात 'सोबती' म्हणून एक सोय होती. ज्यांच्या पोटातले जिवाणू आपल्याशी जास्तीत जास्त जुळतात असा एक माणूस ते शोधून देई, म्हणजे एकमेकांना धीर देत दोघांनी फळ खावं आणि टोपली वाटून घ्यावी. नाव, गाव, फोन काही दाखवत नसत. सुरुवातीला मोकळं बोलता यायचं, पण लोकांनी एकमेकांना वजन घटवायच्या पावडरी विकायला सुरुवात केल्यावर कंपनीने बोलणं बंद केलं आणि सात ठरावीक वाक्यं दिली. 'आजचे फळ खाल्ले का?', 'हो', 'नाही', 'पोट साफ झाले का?' वगैरे. शिवाय रोजचं वजन कळवता येई.

विश्वजितने ते उघडलं तेही डॉक्टर बागवान यांनी दम दिला म्हणून. सोबती क्रमांक ४४१७. जुळणी एक्क्याण्णव टक्के.

"यंत्र बिघडलंय," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "अनोळखी माणसात तीस येतात. नवरा-बायकोत पन्नास. एक्क्याण्णव म्हणजे..." त्या थांबल्या. "झेंडेसाहेब, असं एका ताटात वाढलेल्या सख्ख्या भावंडांत येतं."

विश्वजितने फोन बराच वेळ कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून फोन कधीच बंद झाला होता.

मग अ‍ॅपवर विचारता येत होतं त्यातलं पहिलं त्याने विचारलं.

'आजचे फळ खाल्ले का?'

उत्तर दुपारी आलं. 'नाही.'

'नाही' म्हटलं की अ‍ॅप कारण विचारतं आणि पाच पर्याय देतं. फळ मिळाले नाही, आवडत नाही, प्रवासात, उपास, नवस. सोबत्याने शेवटचा निवडला होता.

विश्वजित ओसरीवर उतरला, परत चढला, परत उतरला. "रोहिणी, तोही खात नाही!"

"कोण?"

"दादा! त्यालाही अंजीर निघालंय आणि तोही खात नाही. नवस आहे म्हणे!"

"वा," रोहिणी पदराने डोळे पुसत म्हणाली. "म्हणजे दोघांचीही लिव्हरं एकाच वेळी जाणार. एवढं प्रेम मी रामलक्ष्मणांतही ऐकलं नाही. विचारा की, दादाच आहेत का?"

पण विचारणार कसं? सात वाक्यांत दादा नव्हता, सासवड नव्हतं, 'माझं चुकलं' तर नव्हतंच. पुढचे चार दिवस दोघं भाऊ, जर ते भाऊ असतील तर, एकमेकांना पोट साफ झाले का एवढंच विचारत राहिले. नऊ वर्षांचं साठलेलं त्या एका वाक्यात घालायचा विश्वजितने प्रामाणिक प्रयत्न केला. सकाळी विचारलं, दुपारी विचारलं. प्रत्येक वेळी 'हो' आलं, आणि त्या 'हो'कडे तो जेवण निवेपर्यंत बघत बसायचा.

पाचव्या दिवशी त्याला वजनाची चौकट दिसली. तिच्यात हवा तो आकडा लिहिता येत होता. आकड्यांशिवाय त्याला आयुष्यात दुसरं येत तरी काय होतं?

त्याने लिहिलं, ५.०४०.

अ‍ॅप म्हणालं, 'हे वजन तान्ह्या बाळाचे वाटते. नक्की?'

'नक्की,' त्याने दाबलं. मग श्वास घेतला आणि खाली दुसरी नोंद केली. ५.०००. तुझा काटा बरोबर होता, दादा. पाच म्हणजे पाचच होतं. जे जास्तीचं होतं ते माझ्याकडचं होतं.

'एका दिवसात चाळीस ग्रॅम कमी केल्याबद्दल अभिनंदन!' अ‍ॅप म्हणालं आणि पडद्यावर फुगे सोडले. विश्वजित त्या फुग्यांपुढे हमसून रडला.

दोन दिवस पलीकडून काही आलं नाही. डॉक्टर बागवान यांचा मात्र फोन आला. "तुमचं वजन पाच किलोवर आल्याचं मला कळवण्यात आलंय. बाकीचे झेंडे कुठे आहेत?"

तिसऱ्या दिवशी एक वेगळीच सूचना उगवली. सोबती ४४१७ यांना आपल्याबरोबर एक टोपली वाटून घ्यायची आहे. खाली 'फळ कुठे घेणार' अशी चौकट होती. अख्ख्या अ‍ॅपमध्ये अक्षरं लिहिता येतील अशी तेवढीच एक जागा, आणि विश्वजितला ती कधी दिसली नव्हती, कारण त्याने फळ कधी मागवलंच नव्हतं.

चौकटीत लिहिलं होतं, 'आपली बाग. पाटाजवळ. उद्या सकाळी सात.'

*

सातला दहा कमी असताना बांधावरून एक माणूस आला. केस पांढरे झालेले, पोट विश्वजितच्या पोटाएवढंच. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि मधे मिठी मारण्याएवढं अंतर राहिलं. ते दोघांपैकी कुणी ओलांडलं नाही.

"भरलास की रे," दादा म्हणाला.

"तूही."

"मी बार्शीला भुईकाट्यावर असतो. बसून काम. ट्रक येतात, जातात." दादाने पाटाकडे बघितलं. "चाळीस ग्रॅम कसले होते?"

"माती. वजनाच्या बुडाला. त्या दिवशी इथेच ठेवलं होतं, अंजीर खाताना."

दादा हसेल असं विश्वजितला वाटलं. तो हसला नाही. "नऊ वर्षं मी मनात तो काटा तपासतोय, विशा. रोज. कधी कधी वाटायचं, असेल बाबा माझ्याच काट्यात खोट. चारचौघांत भाऊ कशाला खोटं बोलेल?" त्याने एक पान ओढून सोडलं. "त्या दिवशी गाडीतून पंढरी गेली, भीमा गेली, मी आपला तुळजापूरच्या देवीला बोललो. विशाने आपणहून हाक मारल्याशिवाय अंजीर खाणार नाही. तू चार दिवसांपूर्वी मारलीस. माझं फिटलं. तुझं काय आहे?"

"तू घरी परत येईपर्यंत."

"मग आलो की."

"ही बाग आहे, दादा. मी घरी म्हणालो होतो. साक्षीदार आहे."

"अजून निरीक्षकच आहेस," दादा म्हणाला, आणि त्याचा चेहरा परत मिटला. "घरात नाही येणार मी. मी इथवरच यायचं ठरवून आलोय. दहाची गाडी आहे. त्या टाळ्या अजून ऐकू येतात मला."

टाळ्या विश्वजितलाही ऐकू येत होत्या.

रोहिणी टोपली घेऊन आली होती. ती खाली ठेवून तिने दादाच्या पायाला हात लावला आणि सरळ उभी राहून म्हणाली, "दादा, यांच्याकडे दोन वर्षं आहेत. लिव्हर. डॉक्टरांनी अंजीर लिहून दिलंय आणि हे तुमच्यासाठी अडून बसलेत. तुम्हाला दहाची गाडी असेल तर जा. पण हे कळून जा."

दादाने धाकट्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांकडे, पोटाकडे, परत डोळ्यांकडे. मग खाली वाकला, तेही एका दमात नाही, टोपलीतलं एक अंजीर उचललं आणि घराच्या दिशेने चालायला लागला. विश्वजित मागे. दोघांचीही धाप सारखीच लागत होती.

उंबऱ्याशी दादा थांबला. आतल्या अंधाराकडे बघत उभा राहिला. मग उजवा पाय आत टाकला, डावा बाहेरच ठेवला, आणि वळून अंजीर विश्वजितच्या तोंडासमोर धरलं.

"खा."

"दोन्ही पाय," विश्वजित म्हणाला.

"दुसरा तू गिळल्यावर. आधी एकदा फसलोय मी तुझ्या मोजमापात."

विश्वजितने तोंड उघडलं. साल जिभेला लागली, फुटली, आणि आतल्या बिया दाताखाली कुरकुरल्या. चावून चावून खायचं, डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. तो चावत राहिला. उंबऱ्याच्या आत एक आणि बाहेर एक पाय ठेवून, चौकटीला धरून, एकशे एकवीस किलोचा दादा तसाच ताटकळत होता.

"आवर की रे. पायात गोळा आला."

विश्वजितने मान हलवली. त्याला बोलता येत नव्हतं. तोंडात अंजीर होतं, आणि नसतं तरी बोलता आलं नसतं.